देवावर पाय पडू नये म्हणून

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. ठेवले? ते खांबाला टेकलेले अण्णा — डोळे उघडा! समाधी मागाहून लावा, आधी गोष्ट ऐका. देवाचं नाव घेतलं, तोंड गोड झालं. आता त्याच तोंडाबद्दल एक विचारतो.

माणूस दुसऱ्यावर आळ घेतो. कुठं घेतो? पारावर! बाजारात! पूर्वी पाणवठ्यावर घ्यायचा, आता मोबाइलच्या ग्रुपवर घेतो — वर दोन हात जोडलेलं चित्रही टाकतो! बरं, घेतला आळ. पुढं कळलं की आपलंच चुकलं. मग माफी कुठं मागतो? कानात! गल्लीच्या तोंडाशी गाठून, इकडं तिकडं बघून — "मनावर घेऊ नका हं." बदनामी वाजतगाजत, आणि माफी चपला हातात घेऊन! तर मला सांगा, अशानं तो शब्द परत आला म्हणायचं का?

पाया घातला दगडाचा । भिंत विटांची गं बाई ।
बोल बोलावा जपून । त्याला डागडुजी नाही ॥

नाही म्हणते ओवी. पण एका बाईनं ती डागडुजी केली. कशी केली, ऐका.

साताऱ्याकडं एक तालुक्याचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला नवी वस्ती झाली, तिथं सगुणाबाई फडतरे यांचं घर. सगुणाबाईंचे मालक, शामराव, एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. सगळी उमर भाड्याच्या खोल्यांत गेली. एका घरमालकानं खिळा ठोकू दिला नाही, दुसऱ्यानं तुळस लावू दिली नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर जे हाती आलं ते सगळं त्यांनी या घरात घातलं. सगुणाबाई दिवसातनं दहादा भिंतीवरनं हात फिरवायच्या. हसू नका! ज्यानं दुसऱ्याच्या भिंतीला टेकून संसार केलाय ना, त्यालाच आपल्या भिंतीची माया कळते.

घर बांधलं कुणी? हणमंत धोत्रे यांनी. जातीचा वडार. आजा दगड फोडायचा, बाप दगड घडवायचा, आणि हणमंतानं नगरपालिकेचा बांधकामाचा परवाना काढला! घराण्यातला पहिला परवाना, मंडळी. तो कागद त्यानं काच लावून यल्लम्मेच्या फोटोशेजारी टांगला होता. रोज उदबत्ती दोघींना! कुणी विचारलं तर म्हणायचा, "ही आई, अन् ही मावशी."

वास्तुशांत झाली. गाव जेवलं. आणि पुढं तीन महिन्यांत शामराव गेले. सकाळी चहा मागितला, चहा येईपर्यंत माणूस नाही. घर राहिलं, घरधनी गेला.

आणि त्याच पावसाळ्यानंतर सगुणाबाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली.

आधी तळहाताएवढी. मग ताटाएवढी. रंगाचे पोपडे सुटले. डाळीच्या डब्याखाली बुरशी! बाईंचा जीव कळवळला. मालकांनी हयात घातली त्या घराची ही दशा? बोलावलं हणमंताला.

हणमंत आला. गच्ची बघितली, गच्चीला नवा थर दिला. न्हाणीघराची फरशी काढली, परत बसवली. बाहेरनं गिलावा केला. सगळं स्वतःच्या पदरचं, बरं का! पण ओल काही हटेना. शेवटी तो स्वयंपाकघरात उकिडवा बसला, ओट्याजवळच्या कोपऱ्याकडं बोट करून म्हणाला, "मावशी, हितली फरशी उचलून बघू का? हितनं माझा पाण्याचा —"

"खबरदार!"

वाक्य पुरं होऊच दिलं नाही बाईंनी. "तिथं वास्तुपुरुष हाय! देवाच्या अंगात पहार घालतोस?"

मंडळी, तुम्हाला ठाऊकच आहे. वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात खड्डा घेतात, वास्तुपुरुषाची इवलीशी प्रतिमा त्यात पालथी ठेवतात, वरनं बुजवून टाकतात. एकदा बसवला की तो देव हलवायचा नाही. आणि सगुणाबाईंच्या घरात तो बसवला होता शामरावांनी, स्वतःच्या हातानं. मालकांच्या हातचं घरातलं ते शेवटचं काम! तिथली फरशी उचलायची? छातीवरनं हात काढून घेतल्यासारखं झालं असतं बाईंना.

हणमंत उठला. "ऱ्हाऊ दे मावशी. देवाचं देवाला." आणि निघून गेला.

त्याला वाटलं, आपण मान राखला. बाईंना वाटलं, हा निसटला!

मग काय, तोंड सुटलं. "सिमेंट खाल्लं मेल्यानं!" सकाळी चहाबरोबर एकदा, संध्याकाळी दिव्याबरोबर एकदा. तेही कुठं? त्याच घरात! आपले वाडवडील काय सांगतात? घरात वाईट बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणते. आता त्या देवाची काय पंचाईत झाली असेल, विचार करा. एकीकडं घरधनीण म्हणते, याचं वाटोळं होवो. दुसरीकडं, ज्याच्या वाटोळ्याची गोष्ट चाललीय त्यानंच डोक्यावर छप्पर घातलंय! तथास्तु म्हणावं तर कृतघ्नपणा, न म्हणावं तर नोकरी जाते! पेटीवाले, तुम्ही काय केलं असतं? — बघा, पेटीवाले सूर धरून गप्प. देवही गप्पच बसला असणार.

घरात बोलून भागेना. शनिवारी मारुतीच्या देवळात आरतीनंतर गावाची बैठक होती. देवळाचा सभामंडप बांधायचा होता, आणि ते काम हणमंताला द्यायचं जवळपास ठरलं होतं. सगुणाबाई उभ्या राहिल्या. बाई बोलायची थांबेपर्यंत समईची ज्योतसुद्धा हलली नाही म्हणतात.

"ज्याला माझं चार भिंतींचं घर कोरडं ठेवता येत नाही, तो मारुतीरायाला काय कोरडं ठेवणार? ह्यानं माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या कष्टाची माती केली. त्याला काम द्या, अन् उद्या देव भिजू द्या!"

हणमंत मागं उभा होता. चपलांच्या ढिगाजवळ.

काम गेलं. पंचांनी "बघू, नंतर बघू" केलं. दुसऱ्या दोन घरांची बोलणी चालली होती, तीही थांबली. आणि सगुणाबाईंनी नगरपालिकेत तक्रार दिली — याचा परवाना रद्द करा!

सुनावणी लागली. बांधकाम खात्याच्या अभियंता देशमाने मॅडम, वयानं लहान पण चष्म्यातनं रोखून बघणाऱ्या. एका खुर्चीवर सगुणाबाई, पदर घट्ट. एका खुर्चीवर हणमंत, इस्त्रीचा सदरा घालून.

मॅडम म्हणाल्या, "धोत्रे, ओल आहे हे मी स्वतः बघून आले. घर तुम्ही बांधलंय. कारण दाखवा, नाहीतर मला परवाना स्थगित करावा लागेल."

"मॅडम, सगळं उघडून बघितलं. एक कोपरा ऱ्हायलाय."

"तो का राहिला?"

"तिथं ह्यांचा देव हाय."

मॅडमनी बाईंकडं बघितलं. बाईंनी मान वळवली. हणमंत म्हणाला, "पण मॅडम, माझं मन सांगतंय की तिथं काय नसणार. कारण ती जागा मी लई जपलीया. मी कुठलंबी घर बांधताना आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी बसवतच न्हाई. देवासाठी मोकळी सोडतो. ह्यांच्या घरातबी सोडली, मालकांना दावलीसुद्धा. आता पाण्याचा पाइप नेमका तिथनंच जात होता. मनात आलं, उद्या पाइप पाझरला तर देव भिजंल. म्हणून मी पाइप वळवून एक फरशी आत घेतला. ओट्याखाली, अगदी भिंतीला चिकटून. देवाला पाणी लागू नये म्हणून!"

मंडळी — सगुणाबाईंच्या हातातला रुमाल खाली पडला.

का पडला? ऐका. इथंच सगळं आहे!

वास्तुशांतीची सकाळ. गुरुजी यायचे होते. शामराव त्या मोकळ्या फरशीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "सगुणे, ही जागा ओट्याच्या म्होरं येती. तू दिवसभर हितंच उभी ऱ्हाणार, पोळ्या लाटणार. देवावर पाय पडंल की गं तुझा!" मेकॅनिकचा हात तो, गप्प कसला बसतोय? त्यांनी हणमंतानं सोडलेली जागा फरशी लावून बंद केली. आणि ओट्याखाली, अगदी भिंतीला चिकटून, जिथं कुणाचा पाय जाणार नाही तिथली फरशी उचलली. पहार घेतली. खड्डा खणला. सगुणाबाई शेजारी बसून माती ओंजळीनं काढत होत्या! पहार एकदा कशाला तरी टक्क वाजली होती. शामराव म्हणाले, "खडा असंल." गुरुजींनी तिथंच पूजा सांगितली, आणि संध्याकाळी शामरावांनी पांढऱ्या सिमेंटानं फरशी बसवून टाकली. हणमंताला हे सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यात काय सांगायचं?

बघा लीला! एकानं देवाला पाणी लागू नये म्हणून पाइप भिंतीकडं सरकवला. दुसऱ्यानं देवावर पाय पडू नये म्हणून देव भिंतीकडं सरकवला. दोन भक्त, दोघांच्या मनात भाव चोख — आणि भिंत भिजली!

हे त्या खोलीत कुणाला कळलं? मॅडमना नाही. हणमंताला नाही. एकट्या सगुणाबाईंना! तुम्ही असता तर बोलला असता? माना हलवू नका, खरं सांगा! बोलायचं म्हणजे काय म्हणायचं? "माझ्या मेलेल्या नवऱ्यानं हे घर भिजवलं" — असं म्हणायचं, ज्याच्यासाठी सगळ्या गावाशी भांडल्या त्याच्याबद्दल!

नाही बोलल्या. मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी निकाल देते." बाई घरी आल्या. चूल पेटवली नाही. ओट्याखाली वाकून फरशीवर हात ठेवून बसल्या. "का हो हलवलात?" एवढंच म्हणाल्या. मग रडल्या. त्यांचं रडणं मी काय सांगू? जात्यावर बसल्यासारखं, आपसूक, शब्दांसकट यावं तसं —

कोपऱ्यात बसविला । देव कुंकवाच्या हातानं ।
कुणा सांगू माझे बाई । भिंत भिजली कशानं ॥

निकालाच्या आधीच त्या कचेरीत गेल्या. "मॅडम, मी तक्रार मागं घेते."

"कारण?"

"कारण काय असायचं? म्हातारं माणूस मी. कटकट नको वाटती."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठीक आहे," म्हणाल्या.

बाईंना वाटलं, सुटले! मालकांचं नाव झाकलं, हणमंताचा परवाना वाचला. देव पावला! हलक्या पावलांनी त्या हणमंताच्या दारी गेल्या. तो अंगणात पाटी-फावडी धूत होता. जवळ जाऊन, हळू आवाजात — कशा? चपला हातात घेऊन! — म्हणाल्या, "हणमंता, मागं घेतली बाबा तक्रार. झालं गेलं विसर."

हणमंत खूश झाला असेल? तुम्हाला काय वाटतं?

त्यानं हातातलं फावडं खाली ठेवलं. "का घेतली, मावशी?"

"घेतली. बस."

"मला माफ केलं का काय तुमी?"

बाईंनी पदर सावरला.

"मावशी, रागावू नका. पण आता गाव काय म्हणणार? म्हातारीनं दया केली, म्हणून वाचला वडार. म्हंजे मी चोरच ऱ्हायलो की! सुटलेला चोर. परवाना काचंत ऱ्हाईल माझा, पण त्याला उदबत्ती कुठल्या तोंडानं लावू?" त्यानं ओले हात पुसले. "दया नगं मला. कुठं चुकलो तेवढं सांगा. माझ्या हातनं काय वाईट झालं हेच मला घावंना झालंय. उद्या दुसऱ्याचं घर बांधताना हात कापंल माझा."

अरेरे! बाई जागच्या जागी थिजल्या. त्यांना वाटलं होतं, आपण द्यायला आलोय. पण बघतात तर याचं काहीतरी आपल्याच पदराच्या गाठीला बांधलेलं आहे, आणि तो ते हात पसरून मागतोय. सांगावं तर इथंच सांगता आलं असतं. अंगणात तो आणि त्या, तिसरं कुणी नाही. ओठाशी आलंही होतं. पण बाई अडाणी नव्हत्या, मंडळी. त्यांच्या ध्यानात आलं — इथं सांगितलं तर हे फक्त हणमंताला कळेल. आणि हणमंताला तर, तो चोर नाही हे, आधीच ठाऊक आहे!

"शनिवारी देवळात ये," म्हणाल्या. तो काय समजला कुणास ठाऊक. "आता आणि काय ऱ्हायलंय मावशी," म्हणाला.

शनिवार. मारुतीची आरती झाली. पंच बसले होते, बायका बसल्या होत्या, पोरं खोबऱ्याच्या तुकड्यांसाठी रांगेत. सगुणाबाई उभ्या राहिल्या. पंचांतला एकजण पुटपुटला, "झालं! आज कुणाचा नंबर?" हसले लोक. त्यांनी हसू दिलं.

मग म्हणाल्या, "मागं ह्याच फरशीवर उभं ऱ्हाऊन मी हणमंत धोत्र्याला वाईट बोलले. ते खोटं निघालं. माझ्या घरात ओल आली ती आमच्याच हातानं. आमच्या मालकांनी देव बसवताना जागा बदलली, पहार पाइपला लागली. शेजारी मी बसले होते. हणमंतानं फरशी उचलून बघतो म्हणून सांगितलं, ते मी पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं न्हाई. कचेरीत मला कळलं, तरी मी बोलले न्हाई. मालकांचं नाव जाईल वाटलं." इथं त्या थांबल्या. चपलांच्या ढिगाकडं बघितलं. "पण ह्यांचं नाव झाकायला मी दुसऱ्याचं नाव घेऊन पांघरलं होतं. ते त्यांना आवडलं नसतं. माझं चुकलं. मोठ्यानं चुकलं होतं, म्हणून मोठ्यानं सांगते."

सगळे वळून मागं बघायला लागले! खोबऱ्याच्या रांगेतली पोरंसुद्धा.

आणि मागनं, चपलांच्या ढिगाजवळनं, आवाज आला. "मावशी, बसा खाली." हणमंत पुढं आला. डोळे लाल. "पंचांनो, माझीबी ऐका. मी मालकांना देवाची जागा दावली, पण पाइप कुठनं वळवलाय ते सांगितलं न्हाई. घर ज्याचं, त्याला त्याच्या घराच्या पोटात काय हाय ते ठाऊक पायजे. ती चूक माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले, बाईंनी निरोप धाडला म्हणून देशमाने मॅडमही आल्या. बाईंनी धास्तावून विचारलं, "गुरुजी, देव हलवला तर दोष लागंल का?" गुरुजी म्हणाले, "बाई, देव आज वर्षभर पाण्यात पालथा पडलाय. त्याला कोरडं करायला कसला दोष? पूजा करू, क्षमा मागू, हणमंतानं सोडलेल्या जागी बसवू. तुम्ही पाय जपून टाका, म्हणजे झालं!"

हणमंत ओट्याखाली शिरला. फरशी फोडली नाही त्यानं. पातळ पटाशीनं कडा मोकळ्या करत करत, अंडं उचलावं तशी ती अखंड वर काढली. खाली सगळा चिखल. पाइपला केसाएवढी चीर. आणि चिखलात तो इवलासा देव. बाईंनी त्याला पदरात घेतला.

पण हणमंतानं हाक मारली. "मावशी. हे बघा."

फरशीची खालची बाजू त्यानं वर धरली होती. पांढऱ्या सिमेंटात बोटं उमटली होती. चार पुरी, आणि करंगळी निम्मी. डेपोत यंत्राच्या पट्ट्यात सापडून तुटलेली शामरावांची करंगळी! फरशी बसवायच्या आधी तिच्या पाठीला सिमेंट दाबलेला हात, तसाच्या तसा.

सगुणाबाईंनी त्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

कुणी काही बोललं नाही, मंडळी. मीही इथं बोलत नाही.

...

थोड्या वेळानं हणमंत म्हणाला, "ही फरशी मी तशीच बसवतो. सिमेंट खरवडत न्हाई. मालकांचा हात हितंच ऱ्हाऊ दे."

मॅडमनी नाक पुसलं आणि विचारलं, "दुरुस्तीचा खर्च कुणाचा लिहू?"

"माझा," बाई म्हणाल्या.

"माझा," हणमंत म्हणाला.

"तुझा कसा? पहार कुणी मारली?"

"पाइप कुणी सांगितला न्हाई?"

"मोठ्या माणसाला उलटं बोलतोस?"

मॅडम म्हणाल्या, "तुमचं आधीचं भांडण मिटवायला सोपं होतं हो!" शेवटी असं ठरलं — सामान बाईंचं, हात हणमंताचे, आणि काम संपेपर्यंत सगळ्यांचं जेवण त्याच ओट्यावर. भांडण निकाली! मारुतीचा सभामंडप कुणी बांधला, हे आता मला सांगायला नको.

भिंत सुकाया लागतं । चार महिन्यांचं ऊन ।
मळभ सरतं मनाचं । एक 'चुकले' म्हणून ॥

ऐकायला गोड लागलं ना? डोळेही पुसलेत काहींनी, दिसलं मला. पण मंडळी, सगुणाबाईंसाठी रडणं सोपं आहे. त्या तिकडं साताऱ्याकडं. तुमचं काय? आपणही कुणाचं तरी वाक्य अर्ध्यात तोडलंय. "हितनं माझा पाण्याचा —" एवढंच तो बोलला होता, आणि आपण खबरदार म्हणालो. मग त्याच्या नावानं गावभर बोललो. ते बोललेलं खोटं होतं, हेही मागाहून कळलं. आणि आपण काय केलं? त्याला चहा पाजला. दिवाळीला फराळ पाठवला. म्हटलं, मिटलं!

तो माणूस कदाचित इथंच बसलाय. तुमच्यापासून चार हातांवर. त्याचं नाव मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. आता आरती करायची आहे. निरांजन तयार आहे, काडी माझ्या हातात आहे. पण मी लावत नाही. मी थांबतो. कुणाला उठून कुणाजवळ जायचं असेल तर जा — आणि जरा मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू जाऊ दे. आरती थोडी उशिरा झाली म्हणून देव काही तक्रार करायचा नाही.